क्यूब फुटतो तेव्हा

आदिलाबादहून पांढरकवड्याकडे निघालं की पैनगंगा लागते. या खोऱ्यातल्या चुनखडकावर गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने चालतात. हा भाग म्हणजे जुना राजुरा तालुका; तो १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. आदिलाबादचा स्वतःचा, सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा कारखाना मात्र नव्वदच्या दशकाअखेर बंद पडला. याच पैनगंगेवर चनाखा-कोरटा बंधारा आहे. त्याचं एक टोक यवतमाळात, दुसरं आदिलाबादेत. ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही राज्यांनी मुंबईत त्याचा करार केला.

असं कुठलंही काम सुरू झालं की काँक्रीटचे क्यूब भरले जातात. बाजू १५० मिलिमीटर, २८ दिवस पाण्यात, मग सीटीएमच्या, म्हणजे दाबून फोडणाऱ्या चाचणीयंत्राच्या, दोन पोलादी पाटांमध्ये. एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचा क्यूब पास व्हायचा तर त्यानं सुमारे ५७ टन पेलायला हवेत. ठरल्या वेगानं भार चढवला तर दोन मिनिटांच्या आत निकाल लागतो. बाजू ढासळतात आणि मधे डमरूसारखा आकार उरतो.

हा डमरू काँक्रीटनं एकट्यानं घडवलेला नाही. दाबाखाली क्यूब आडवा फुगू पाहतो, पण वर-खालचे पाट घर्षणानं त्याला धरून ठेवतात. धरलेला भाग टिकतो, मोकळा गळून पडतो. तेच काँक्रीट ३०० मिलिमीटर उंच सिलिंडरमध्ये भरलं, तर ताकद साधारण चार पंचमांशच भरते, कारण मधल्या भागापर्यंत पाटांची पकड पोचत नाही. म्हणजे रजिस्टरात लिहिलेला आकडा थोडा काँक्रीटचा, थोडा यंत्राचा. नेदरलँड्समधल्या व्हान मिअर यांनी १९८४ च्या प्रबंधात असंच काही दाखवलं: ताकदीचा माथा ओलांडल्यावरचा उतार नमुन्याच्या उंचीवर ठरतो.

संगणकावर क्यूब फोडणाऱ्याची खरी कसोटी हा उतारच आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातली आखीव रेषा ०.००२ विकृतीपर्यंत वक्र चढते आणि ०.००३५ पर्यंत सपाट जाते. तुळईच्या हिशेबाला ती पुरते. खरं काँक्रीट मात्र माथ्यानंतर खाली येतं, आणि ते उतरणं मॉडेलमध्ये घातलं की घोळ सुरू होतो. क्यूबचे छोटे ठोकळे पाडून जाळं केलेलं असतं. सगळं नुकसान त्यातल्या एकाच ओळीत गोळा होतं. जाळं निम्मं बारीक केलं की उत्तर बदलतं! १९८३ मध्ये बाझांत आणि ओह यांनी यावर तोड सुचवली: भेग पडायला लागणारी ऊर्जा क्षेत्रफळामागे पक्की धरायची आणि उतार ठोकळ्याच्या आकारानुसार बेतायचा. ती ताणातल्या भेगांसाठी होती. दाबाखालच्या चुऱ्याला लावताना आजही जपावं लागतं. रंगीत चित्र पाहून भुलण्याआधी मी तरी विचारेन, जाळं बदलून पाहिलंत का?

मॉडेलची दुसरी वाट जास्त खर्चाची, पण मला जास्त पटणारी. गिट्टीचे दाणे वेगळे, मसाला वेगळा आणि दाण्याभोवतीचा कमजोर थर वेगळा मांडायचा. काळ्या दगडाची गिट्टी मसाल्यापेक्षा ताठ असते. त्यामुळे आत जागोजागी आडवा ताण तयार होतो, बारीक भेगा दाण्याला वळसा घालून भाराच्या दिशेनं उभ्या वाढतात, आणि माथ्याजवळ आधी आकसत आलेला क्यूब आकारमानानं फुगू लागतो. डोळ्यांना हे शेवटच्या क्षणीच दिसतं.

एवढा खटाटोप कशाला, क्यूब तर फोडता येतो? येतो, पण बंधाऱ्याचा खांब सीटीएममध्ये बसत नाही. शिवाय खांबात रिंगा असतात. त्या गाभ्याला आवळून धरतात आणि ताकद वाढवतात. ते गणितच करावं लागतं.

गणिताची हद्द मात्र ठरलेली असते. २०१६ च्या त्याच करारात गोदावरीवरचा मेडीगड्डा बंधाराही होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणानं पायाखालची वाळू पाण्याबरोबर वाहून गेल्याकडे बोट दाखवलं. खांबाच्या मॉडेलमध्ये सहसा 'तळ अचल' अशी एक अट टाकून पुढं जातात. मेडीगड्ड्यात हललं ते तिथलंच.