रंग गिटारला, त्रास फुप्फुसाला

जुनी, स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायची आणि घरीच तिचा कायापालट करायचा, हा छंद आता कॉलेजच्या मुलांपुरता राहिलेला नाही. तरुणपणी राहून गेलेली हौस पन्नाशीत भागवणारी मंडळीही बाल्कनीत पॉलिश पेपर घासताना दिसतात. डॉक्टर म्हणून मला या छंदाचे कौतुकच आहे. हाताला काम मिळते, दोन-तीन तास मोबाइल बाजूला राहतो आणि शेवटी एक वाजणारी वस्तू हातात येते. प्रश्न एवढाच, की जे काम कारखान्यात हवा खेचणारे पंखे, मुखवटे आणि हातमोजे घेऊन केले जाते, ते आपण दोन खोल्यांच्या घरात बनियनवर करतो. शेजारच्या खोलीत मूल झोपलेले असते.

या कामाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला म्हणजे तारा बदलणे, तारांची उंची जुळवणे, मान सरळ करणे. दुसरा, आतले वायरिंग आणि सुटे भाग बदलणे. तिसरा, जुना रंग काढून नवा देणे. आवाजात खरा फरक पहिल्या दोन भागांनी पडतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. हीच वीज अँप्लिफायरमध्ये मोठी होते. लाकडावर लाल रंग आहे की काळा, हे चुंबकाला कळत नाही. म्हणजे आवाजाला सर्वात कमी उपयोगाचे काम रंगाचे, आणि आरोग्याला सर्वात जास्त धोकाही त्याच कामाचा. हा हिशेब मनात ठेवला तर पुढचे निर्णय सोपे होतात.

तारा आणि डोळे

सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या घरात असतो. ताणलेली तार पक्कडीने कापली तर तिचे टोक चाबकासारखे उसळते. म्हणून आधी खुंट्या सैल कराव्यात, मग तार कापावी. डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा असावा. फ्रेट चकाकवण्यासाठी स्टील वूल वापरत असाल तर पिकअप चिकटपट्टीने झाकून घ्या. त्याचे कण चुंबकाला चिकटतात आणि डोळ्यातही जातात. डोळ्यात गेलेला धातूचा कण रुमालाच्या टोकाने काढायला जाऊ नये. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि खुपणे थांबले नाही तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

सोल्डरचा धूर

आवाजाचा खरखराट करणारी जुनी बटणे, सैल झालेला जॅक, स्वस्तातला स्विच हे बदलणे फारसे खर्चाचे नाही. एका कॉइलच्या पिकअपला बहुधा २५० किलोओहमचे आणि हंबकरला ५०० किलोओहमचे पॉट लावतात. त्यासाठी सोल्डरिंग करावे लागते. नेहमीच्या सोल्डरमध्ये सुमारे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. धुरातून शिसे पोटात जाते अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. तो पांढरा धूर असतो तारेच्या पोटात भरलेल्या राळेचा. पण तोही निरुपद्रवी नाही. राळेच्या धुराने दमा होऊ शकतो आणि असलेला दमा उफाळतो. खिडकी उघडी ठेवावी, धूर तोंडापासून दूर जाईल असा छोटा पंखा लावावा आणि कामावर फार वाकून बसू नये.

शिसे शरीरात जाते ते हातांवाटे. सोल्डर हाताळलेल्या बोटांनी आपण चहाचा कप धरतो, शेंगदाणे तोंडात टाकतो. लहान मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार ते पाच पट जास्त शोषून घेते, आणि रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असे सांगता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. त्यामुळे काम जेवणाच्या टेबलावर करू नये, शक्यतो शिसेविरहित सोल्डर घ्यावे, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

अर्थिंग आहे का?

गिटारमध्ये स्वतःची घातक वीज नसते. केबल काढलेली असली की आतले वायरिंग निर्धास्त उघडावे. धोका अँप्लिफायरकडून येतो. गिटारच्या तारा एका वायरने ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अँप्लिफायर बिघडलेला असेल आणि घराला अर्थिंग नसेल, तर हाताखालच्या तारांतच वीज उतरू शकते. ‘यार्डबर्ड्स’ या ब्रिटिश बँडचा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये घरीच इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याआधी १९७२ मध्ये गिटारवादक लेस्ली हार्वे याचा स्वान्सीच्या रंगमंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मृत्यू झाला होता. आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण मागे अर्थची वायर असतेच असे नाही. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे आणि आरसीसीबी बसवून घ्यावा. जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

रंगाचा मामला

आता तिसरा भाग. स्वस्त गिटारवर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा काचेसारखा जाड थर असतो. तो काढायला लोक तीन मार्ग धरतात. हीट गनने तापवणे, रसायनाने फुगवणे किंवा घासणे.

पॉलियुरेथेन जास्त तापले की त्यातून आयसोसायनेट बाहेर पडू शकते. रंग काढणाऱ्या काही द्रावणांत डायक्लोरोमिथेन असते. ते श्वासावाटे शरीरात गेले की यकृतात त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते, म्हणजे बंद मोटारीत जीव घेणारा तोच वायू. बंद न्हाणीघरात हे काम करणाऱ्यांचे मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी अशा द्रावणांची विक्री बंद केली. डब्यावर हे नाव दिसले तर तो डबा दुकानातच ठेवावा.

घासण्यात धूळ उडते. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हा नाकाचा आणि सायनसचा कर्करोग वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या सुतारांत आढळतो, एका गिटारने तो होत नाही. पण दम्याच्या रुग्णाला तीच धूळ एका दुपारी रुग्णालयात आणू शकते. जुन्या, कोणीतरी हाताने पुन्हा रंगवलेल्या गिटारबद्दल आणखी एक काळजी. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा कमी ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, असे गृहीत धरून तो कोरडा घासू नये.

माझा सल्ला असा, की रंग मुळापासून काढूच नका. पाण्यातल्या पॉलिश पेपरने वरची चकाकी तेवढी मारा आणि त्याच थरावर नवा रंग द्या. धूळ पाण्यातच बसते. लाकूड उघडे पडले असेल तिथे पाणी लावू नये, ते फुगते.

नवा रंग देताना सर्वात जपायचे ते दोन डब्यांच्या रंगापासून. रंग आणि हार्डनर मिसळून फवारायचा हा प्रकार मोटारींसाठी वापरतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी अल्प मात्रेनेही दमा उठतो. अनेकदा छाती लगेच भरत नाही, काही तासांनी किंवा रात्री भरते. त्यामुळे त्याचा संबंध दुपारच्या फवारणीशी कोणी जोडत नाही. असा रंग हवाच असेल तर गिटार रंगाचा बंदिस्त बूथ असलेल्या गॅरेजात द्यावी. घरी पाण्यात विरघळणारे पॉलियुरेथेन ब्रशने लावावे, किंवा आपल्या सुतारांचे चपड्याचे पॉलिश करावे. चपडा म्हणजे लाख. ती स्वतः निरुपद्रवी असते, तिचे स्पिरिट मात्र उघड्या खिडकीत आणि गॅसच्या शेगडीपासून दूर वापरायचे. जवसाचे तेल लावणाऱ्यांनी तेलाचे फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल सुकताना तापते आणि फडके आपोआप पेटू शकते. फडके उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवावे.

मुखवट्याबद्दलही गैरसमज आहेत. एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मुखवटा लागतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असेही नाही. नाक काही मिनिटांत वासाला सरावते, रसायन हवेतच असते. गरोदर महिला, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांनी त्या दिवशी घरात थांबूच नये.

बाटली कोणती?

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रॉकेल किंवा थिनर प्यायलेली मुले येतात. पुष्कळदा ते शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले असते. थिनर मूळ डब्यातच, कुलपात ठेवावे. मुलाने ते प्यायल्यास ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. ओकताना ते फुप्फुसात उतरते आणि तिथे खरी हानी होते. डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. डोळ्यात रसायन उडाल्यास नळाखाली १५ मिनिटे डोळा धुवावा. सोल्डरिंगने भाजल्यास २० मिनिटे वाहते पाणी घ्यावे, टूथपेस्ट लावू नये.

गिटारचे काम सुरू केल्यापासून खोकला हटत नसेल, रात्री छाती भरत असेल, काम केले की डोके दुखत असेल, तर डॉक्टरांना व्यवसायाबरोबर हा छंदही आवर्जून सांगा. मोबाइलमध्ये रंगाच्या डब्यावरच्या मजकुराचा फोटो असेल तर तोही दाखवा. निदानाला त्याची मोठी मदत होते.