शोधनिबंध मोफत, मग पैसे कुणी भरायचे?



एम.एड.चा प्रबंध किंवा नवोपक्रम स्पर्धेचा अहवाल लिहिताना हा अनुभव तुम्हालाही आला असेल. गुगलवर विषय टाकला, अगदी हवा तोच शोधनिबंध सापडला, वरचा सारांश वाचला, आणि पुढे बघतो तर काय, पूर्ण लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागितलेले! पुस्तकाचे नव्हे, आठ-दहा पानांच्या एका लेखाचे.

हे पैसे लेखकाला मिळत असतील असं आपल्याला वाटतं. दिवाळी अंकातल्या कथेला थोडंफार मानधन तरी असतं, पण शोधनिबंधाच्या लेखकाला जर्नलकडून एक रुपयाही मिळत नाही. लेख छापण्यायोग्य आहे का, हे तपासणारे तज्ज्ञसुद्धा बहुतेक वेळा फुकटच काम करतात. संशोधकाचा पगार विद्यापीठ देतं, प्रयोगशाळेचा खर्च बऱ्याचदा सरकार करतं. मग तयार झालेला लेख प्रकाशकाकडे जातो, अनेकदा हक्कांसकट, आणि तोच लेख वाचायला विद्यापीठाचं ग्रंथालय त्या प्रकाशकाला वर्गणी भरतं. म्हणजे बघा, संशोधन करायलाही जनतेचे पैसे आणि ते वाचायलाही जनतेचेच पैसे.

प्रकाशकाला खर्चच नसतो असं नाही. संपादन, मांडणी, संकेतस्थळ सांभाळणं, जुने अंक जपणं याला पैसा लागतोच. पण वर्गण्या इतक्या वाढल्या की २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या ग्रंथालय सल्लागार मंडळानंच सांगितलं, हा खर्च आता झेपणारा नाही. हार्वर्डला झेपत नसेल तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजची काय कथा! त्याच वर्षी टिमोथी गॉवर्स या गणितज्ञानं एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकावर बहिष्काराची हाक दिली आणि हजारो संशोधकांनी त्यावर सह्या केल्या.

यावरचा उपाय म्हणून 'ओपन ॲक्सेस', म्हणजेच मुक्त प्रवेश, ही कल्पना पुढे आली. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासूनच आपले लेख 'अर्काइव्ह' नावाच्या भांडारात सर्वांसाठी ठेवत होते. २००२ मध्ये बुडापेस्ट जाहीरनाम्यानं त्याची व्याख्या केली. इंटरनेट असलेल्या कुणालाही लेख वाचता यावा, उतरवून घेता यावा, प्रत काढता यावी, दुसऱ्याला देता यावी. अट काय, तर लेख जसाच्या तसा राहावा आणि लेखकाचं श्रेय त्यालाच मिळावं.

आता खरा प्रश्न येतो. वाचकानं पैसे द्यायचे नाहीत, तर मग द्यायचे कुणी?

एक सोपा मार्ग म्हणजे लेख नेहमीच्या जर्नलमध्ये छापायचा आणि त्याची एक प्रत विद्यापीठाच्या भांडारात ठेवायची. याला हिरवा मार्ग म्हणतात. सोनेरी मार्गात लेख जर्नलच्या संकेतस्थळावरच सर्वांना खुला असतो, आणि अनेक जर्नलं त्यासाठी लेखकाकडून शुल्क घेतात. प्रसिद्ध 'नेचर' जर्नलनं २०२१ पासून हे शुल्क साडेनऊ हजार युरो ठेवलं, म्हणजे आपले आठ लाखांहून जास्त. वाचकासाठी दार उघडलं खरं, पण लेखकासाठी ते बंद झालं. माझ्या मते ही अर्धीच सुधारणा आहे.

वाचकाकडूनही नाही आणि लेखकाकडूनही नाही, खर्च एखादी संस्था उचलते, तो हिऱ्याचा मार्ग. असा मोफत वाचनाचा खजिना आपल्याच देशात आहे आणि आपण तो फारसा वापरत नाही! सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बंगळूरच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'रेझोनन्स' हे विज्ञान शिक्षणाचं मासिक १९९६ पासून निघतंय. त्याचे अंक ॲकॅडमीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. बारावीला विज्ञान किंवा गणित शिकवणाऱ्यांनी एकदा तरी उघडून बघाच.

लेखकानं पैसे भरायचे म्हटल्यावर भामटे येणारच, आणि ते आले. दोन दिवसांत पेपर छापून देतो, आयएसएसएन नंबर आहे, प्रमाणपत्र मिळेल, अशा जाहिराती आपल्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरतात. आयएसएसएन म्हणजे गाडीच्या नंबर प्लेटसारखा नुसता ओळख क्रमांक. गाडी चालवणाऱ्याला ब्रेक लावता येतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. पुण्यातल्या संशोधकांच्या गटानं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीतली एक हजारावर जर्नलं तपासली. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात सुमारे ८८ टक्के जर्नलं निकषांत बसली नाहीत. त्याच वर्षी आयोगानं ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढे 'यूजीसी-केअर' यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगानं तीही बंद केली. त्यामुळे आज कुणी 'यूजीसी-केअर मान्य' म्हणून पैसे मागत असेल तर सावध व्हा. शुल्क घेतं म्हणून जर्नल खोटं ठरत नाही. पण मराठी, भौतिकशास्त्र आणि वाणिज्य असे सगळे विषय एकाच अंकात, संपादकांचा पत्ता नाही आणि परीक्षण दोन दिवसांत, असं असेल तर ते परीक्षण झालेलंच नाही. 'डीओएजे' या खुल्या जर्नलांच्या जागतिक सूचीत नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकांनी तेवढी जरूर द्यावीत.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे सहा हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३ हजार जर्नलं. सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि संशोधन संस्थांना याचा मोठा फायदा आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, खाजगी शाळेतले सर, किंवा मुलाला वाचन-अक्षमता आहे असं कळल्यावर रात्री माहिती शोधणारी आई यात येत नाहीत. योजना कितीही मोठी असली तरी ती शेवटी वर्गणीच आहे, आणि वर्गणीच्या यादीत नसलेला माणूस बाहेरच राहतो.

तोवर आपण काय करायचं? गुगल स्कॉलरवर लेखाखाली सर्व आवृत्त्या दाखवणारा दुवा असतो. त्यात बऱ्याचदा मोफत प्रत सापडते. आरोग्याचा विषय असेल तर 'पबमेड सेंट्रल', शिक्षणाचा असेल तर अमेरिकेतलं 'एरिक' बघा. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत, त्यांत मराठीत लिहिलेलेही भरपूर. कुठेच नाही मिळालं तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. आपला लेख कुणीतरी वाचतंय, याचा बहुतेकांना आनंदच होतो.

लेख मराठीत आणायचा असेल तर आधी परवाना बघा. 'सीसी बाय' लिहिलेलं असेल तर श्रेय देऊन भाषांतर करता येतं, ते छापताही येतं. 'एनडी' ही अक्षरं असतील तर भाषांतर प्रसिद्ध करण्याआधी परवानगी घ्यावी लागते. वर्गात फळ्यासमोर उभं राहून आपल्या शब्दांत समजावून सांगायला मात्र कुठलाच परवाना लागत नाही.