टेक्सासची रानडुकरे आणि थर्मल स्कोप

रायफलीवर बसवायचा थर्मल स्कोप उजेडावर चालत नाही. समोरून येणारी उष्णता तो टिपतो. अमावस्या असो की पौर्णिमा, त्याला फरक पडत नाही. चांदण्याचा अंधुक उजेड कित्येक पटींनी वाढवून दाखवणाऱ्या नाइट व्हिजन दुर्बिणी मिट्ट काळोखात थिट्या पडतात, हा पडत नाही.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण सोडत असते. विल्यम हर्शेलने 1800 साली लोलक आणि तापमापक वापरून या किरणांचा छडा लावला. जनावराच्या अंगातून निघणाऱ्या किरणांचा जोर 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास असतो आणि 8 ते 14 मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा त्यांना फारशी अडवत नाही. काच मात्र पुरती अडवते. म्हणून पुढचे भिंग जर्मेनियमचे असते; डोळ्यांना ते अपारदर्शक दिसते आणि स्कोपची किंमत चढण्यात त्याचाही वाटा असतो. भिंगामागे मायक्रोबोलोमीटर बसवलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावरील बहुधा व्हॅनेडियम ऑक्साइडच्या सूक्ष्म पिक्सेलना ऊब लागली, की त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आतल्या छोट्या पडद्यावर चित्र उमटते. हे तंत्र 1980च्या दशकात अमेरिकेत हनीवेल कंपनीने लष्करासाठी विकसित केले. त्यावरची गुप्तता 1992 साली उठली आणि पुढे ते नागरी बाजारात आले.

हा स्कोप रायफलीशी जुळवून घेणे हे वेगळेच काम आहे. कागदी लक्ष्यावरची शाई त्यात दिसत नाही, कारण शाई आणि कागद यांचे तापमान एकच. त्यामुळे मध्यभागी अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा चौकोनी तुकडा लावतात. तो उघड्या आकाशाचा गारवा परावर्तित करतो आणि पडद्यावर काळा ठळक दिसतो. वापरताना आतली झडप अधूनमधून टिक् करून मिटते, पिक्सेलची बरोबरी साधते आणि तेवढा वेळ चित्र गोठते. जाणता शिकारी नेम धरण्याआधीच बटण दाबून हे उरकून घेतो.

या यंत्राची सर्वांत मोठी बाजारपेठ कुठे, हे सांगणे कठीण. पण त्याचा धडाक्याने वापर होतो तो टेक्सासात. तिथे रानटी डुकरांची संख्या अंदाजे 26 लाख मानतात. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गावठी डुकरांचे सुटलेले वंशज आणि पुढे शिकारीसाठी सोडलेली युरोपीय रानडुकरे यांचा हा संकर. उन्हाळ्यात ती रात्रीच शेतात उतरतात आणि मका, भुईमूग उकरून टाकतात. त्यांच्यासाठी 2019 पासून जमीनमालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर शिकारीचा परवानाही लागत नाही. हरणाची रात्री शिकार मात्र तिथेही बेकायदा.

म्हणून खरी अडचण जनावर शोधण्याची नसून ओळखण्याची आहे. अर्ध्या मैलावरचा उबदार ठिपका सहज सापडतो. तो डुकराचा, वासराचा की माणसाचा, हे कळायला पुष्कळ जवळ जावे लागते. थर्मल चित्रात खोली नसते, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकतो आणि लेसर अंतरमापक लागतो. चिखलात लोळून आलेल्या डुकराची पाठ गार दिसते. दाट धुके आणि पाऊस चित्र पुसट करतात. मागे काय आहे, कुंपण की शेजाऱ्याचे घर, हेही स्कोप नीट सांगेलच असे नाही. त्यासाठी रान दिवसा पाहून ठेवावे लागते.

एवढे करूनही डुकरांची संख्या घटत नाही. ती स्थिर ठेवायलाच दरवर्षी सुमारे दोन-तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. गोळीबाराने कळप पांगतो आणि पुढच्या खेपेला सावध होतो. सबंध कळप आत आल्यावर दार पडणारे मोठे पिंजरे त्यामानाने अधिक कामाचे ठरतात.

भारतात मात्र 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणारी रानडुकरे मारायची झाल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी लागते.