आधी पट्टी नको, दात उलटा करा

फ्लोरिडातल्या पीस रिव्हरच्या गाळात त्रिकोणी दात सापडला की लोक आधी लांबी मोजतात. दहा सेंटिमीटरच्या पुढे असेल तर प्रश्नच मिटला, तो मेगॅलोडॉन या नामशेष शार्कचा. ग्रेट व्हाइट शार्कच्या दाताची मजल एवढी जात नाही. पंचाईत होते ती पाच सेंटिमीटरला, कारण मेगॅलोडॉनच्या पिल्लांचे आणि जबड्याच्या कोपऱ्यातले दातही एवढेच. रंगावर तर जाऊच नका, तो गाळातल्या खनिजांचा. दाताची आतली, जिभेकडची बाजू बघा: मूळ आणि चकाकत्या भागामध्ये गडद, ‘व्ही’सारखा पट्टा म्हणजे मेगॅलोडॉन. पट्टा कधीकधी झिजून जातो, हा आक्षेप रास्त आहे. मग कडेवरून नख फिरवा: मेगॅलोडॉनच्या कडेची करवत बारीक, एकसारखी, ग्रेट व्हाइटची भरड आणि ओबडधोबड. कडही गुळगुळीत झाली असेल, तर मुळाची जाडी पाहा. मेगॅलोडॉनचं मूळ चांगलं जाडजूड असतं. तेही तुटलेलं असेल तर नाव देऊच नये, विकणारा काहीही म्हणो.