साठ हजार अंडी आणि एक शनिवार

‘सिम्फनी ऑफ द सीज’ या पर्यटन जहाजावर सात रात्रींच्या एका सफरीत साठ हजार अंडी लागतात. हा आकडा वर्तमानपत्रवाल्यांचा भारी लाडका. पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर तीस-तीस अंड्यांचे दोन हजार ट्रे छतापर्यंत रचलेले उभे राहिले. मग पेन्सिल घेतली. सात दिवसांनी भागलं तर रोजची साडेआठ हजार. जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून माणसं साधारण आठ हजार. म्हणजे माणशी दिवसाला जेमतेम एक अंडं, त्यातच केक आणि पुडिंगही आलं. बटाटे नऊ टन, हाही असाच छाती दडपणारा आकडा. भागाकार केला की माणशी दीडशे-एकशे साठ ग्रॅम. आमच्या घरी रविवारी बटाटेवडे असतात तेव्हा हा विक्रम सकाळी दहालाच मोडतो.

तेव्हा अंड्या-बटाट्यांना फसायचं नाही. या जहाजांवर खरोखर गरगरायला लावणारे आकडे वेगळे आहेत, आणि ते भागाकाराला दाद देत नाहीत.

‘सिम्फनी’चंच पुढचं भावंड घ्या, ‘आयकॉन ऑफ द सीज’. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेलं, २७ जानेवारी २०२४ ला मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेलं. लांबी ३६४.७५ मीटर, मजले वीस, पोहण्याचे तलाव सात, पाण्याच्या घसरगुंड्या सहा. शिवाय एक बर्फाचं मैदान, कॅरिबियनच्या उकाड्यात! ‘ग्रॉस टनेज’ २,४८,६६३. इथे बहुतेकांची गफलत होते. हे टन वजनाचे नव्हेत. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाचं पोट, आतली बंदिस्त जागा. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं सूत्र उलटं लावून पाहिलं तर ही जागा सुमारे ७ लाख ८२ हजार घनमीटर भरते. घनमीटर काही माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. मुंबईच्या मापाने बोलू : दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट. तशा साडेसत्तावीस हजार खोल्या या जहाजाच्या पोटात बसतील. चाळीत मोठं झालेल्या माणसाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

टायटॅनिकचं टनेज होतं ४६,३२८. तेव्हाची मोजायची रीत वेगळी होती, पण ढोबळ अंदाज चुकत नाही : एका ‘आयकॉन’मध्ये पाच टायटॅनिक. गंमत अशी की मुंबईहून गोव्याकडे जाणारी कॉर्डेलिया क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ४८,५६३ टनेजची, म्हणजे आकड्यात टायटॅनिकपेक्षा थोडी मोठीच. १९९० मध्ये ती ‘आयकॉन’वाल्याच रॉयल कॅरिबियन कंपनीच्या सेवेत ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून दाखल झाली. आता ती या कुटुंबातली बुटकी आजी शोभेल.

‘आयकॉन’वर खोल्या २,८०५. खोलीत दोघं धरले तर प्रवासी ५,६१०. सोफा, वरचे पलंग वगैरे धरून सगळं भरलं तर ७,६००. कर्मचारी २,३५०. बेरीज ९,९५०. महाराष्ट्रात नगरपंचायत व्हायला किमान दहा हजार वस्ती लागते. पन्नास डोकी कमी पडली, नाहीतर मायामीच्या धक्क्यावर निवडणूक लावावी लागली असती.

नगरपंचायतीचं काम मात्र एकही चुकत नाही. पहिलं पाणी. आपल्याकडे शहरांच्या पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात. सुट्टीवर आलेला माणूस, ज्याच्यासाठी पाण्याला मीटर नाही आणि मागे कुणी बादली वाजवत नाही, तो एवढ्यावर भागवेल यावर माझा विश्वास नाही. तरी १३५ च धरू. जहाज पूर्ण भरलं असेल तर दिवसाला साडेतेरा लाख लिटरच्या आसपास. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे गेली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. तिच्या रुळांकडे डोळे लावून लातूर बसलं होतं. या जहाजाला तशा अडीचपेक्षा जास्त गाड्या लागतील, रोज. खाली अथांग समुद्र आहे, पण पिण्याजोगा थेंब नाही. तेव्हा समुद्राचंच पाणी प्रचंड दाबाने बारीक पडद्यांतून ढकलायचं, मीठ मागे ठेवायचं आणि गोडं पाणी नळाला सोडायचं. कंपनीच्या म्हणण्यानुसार लागणाऱ्या गोड्या पाण्यातलं ९३ टक्के जहाजावरच तयार होतं. संडासात घरच्यासारखं सहा-आठ लिटर पाणी ओतत नाहीत. विमानातल्यासारखी हवेची ओढ आणि लिटरभर पाणी, की काम झालं. पहिल्यांदा तो आवाज ऐकणारा माणूस दचकतोच.

हे सगळं ढकलायला जहाजाच्या पाठीमागे, पाण्याखाली, प्रत्येकी २० मेगावॉटचे तीन पंखे. ते हवे तसे वळतात, त्यामुळे हे धूड धक्क्याला रिक्षासारखं आडवं लावता येतं. इंधन द्रवरूप नैसर्गिक वायू. त्याचा धूर तेलापेक्षा स्वच्छ, हे खरं. पण अशा इंजिनांतून न जळलेला मिथेन थोडा निसटतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपट तापवतो. जाहिरातीत हा गुणाकार दिसत नाही.

आता शनिवार.

‘आयकॉन’ची सफर शनिवार ते शनिवार. पहाटे जहाज मायामीत लागतं, दुपार कलताना पुन्हा सुटतं. मधले तास फार तर दहा. तेवढ्यात जुने ५,६१० उतरायचे आणि नवे ५,६१० चढायचे. माणशी एकच मोठी बॅग धरली तरी ११,२२० बॅगा धक्क्यावरून इकडून तिकडे जाणार. दहा तासांना भागा : दर सव्वातीन सेकंदांना एक. त्याच वेळी २,८०५ खोल्यांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल बदलायचे, आठवड्याचं धान्य, भाजी, मांस आत घ्यायचं, कचरा बाहेर काढायचा. लग्नाच्या हॉलमध्ये सकाळचं कार्य आटपून संध्याकाळचं लावताना जी धांदल उडते, ती आठवा आणि तिला मनाला येईल त्या आकड्याने गुणा. नवा पाहुणा दुपारी खोलीत पाऊल ठेवतो तेव्हा पलंगावर टॉवेलचा हत्ती किंवा हंस करून ठेवलेला असतो. आदल्या पाहुण्याला जाऊन पाच-सहा तासच झालेले असतात.

तो हत्ती करणारा कधी फिलिपिन्सचा असतो, कधी इंडोनेशियाचा आणि पुष्कळदा आपल्याकडचा. गोव्यात त्याला तारवटी म्हणतात. कोकणात नुसतं ‘तो बोटीवर असतो’ म्हटलं की पुढचं सगळं समजतं : घराला नवं छप्पर, आणि गणपतीला तो नसणार. सागरी कामगारांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून लागू. त्यात दोन मापं दिली आहेत आणि देशाने त्यातलं एक निवडायचं. एक, आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम. दुसरं, आठवड्याला कमीत कमी ७७ तास विश्रांती. ऐकायला दुसरं किती मायाळू! आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा करा. उरतात ९१.

अंड्यांचा आकडा भागल्यावर लहान होतो, हा वजाबाकीनंतर मोठा होतो.

साधारण करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो, आणि आठवड्याची सुट्टी अशी नसतेच. आठ महिने धरू, म्हणजे पस्तीस शनिवार. एका माणसाकडे पंधरा खोल्या धरल्या आणि दिवसातून एकदाच आवरल्या, तरी घरी परतेपर्यंत त्याने ३,६७५ वेळा खोली आवरलेली असेल, आणि प्रत्येक शनिवारी दारात नव्या पाहुण्याला पहिल्यांदाच भेटल्यासारखं हसून नाव विचारलेलं असेल.