डब्यातलं शिसं

शनिवारची दुपार. धाकटीचा शाळेचा डबा घासायला घेतला, तर हाताला जड लागला. उघडून बघते तर काय, आत करड्या रंगाचे चेपलेले बारीक तुकडे! चांगले दोन मुठी तरी असतील. मी ओरडलेच, "अगं, हे काय भरून आणलंस?" ती दारातच मान खाली घालून उभी. म्हणाली, "रेंजवरचे वापरलेले छर्रे आहेत. शिसं असतं ते. भंगारवाला घेतो. म्हटलं, नव्या डबीला तेवढीच मदत."

पोर तेरा वर्षांची, पण हिशेब माझ्यापेक्षा पक्का.

वर्षापूर्वी तिच्या शाळेमागच्या हॉलमध्ये दहा मीटरची एअर रायफल रेंज सुरू झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक स्पर्धेत सोनं जिंकलं, राही सरनोबतनं 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये. 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, आणि आमच्याकडच्या पोरांनाही वाटू लागलं, आपल्यालाही जमेल. रायफल क्लबची, जॅकेट मोठ्या मुलींचं जुनं. छर्रे मात्र ज्याचे त्यानं आणायचे. एका डबीत 500. रोज शंभर मारले की डबी पाच दिवसांत संपली! महिन्याला पाच डब्या. एकीकडे थोरल्याची क्लासची फी, सासूबाईंची औषधं. हे सगळं बघून तिनं काही मागितलंच नाही. शंभराचे चाळीस केले आणि सरांना सांगितलं, "हात दुखतो." मला हे नंतर कळलं, आणि फार लागलं.

सासूबाईंनी तो डबा बघितला आणि आपल्या काटकसरी स्वभावाला धरून विचारलं, "वितळवून पुन्हा ओतता नाही का येत?" मला माझ्या भाच्याची आठवण झाली. तो अमेरिकेत असतो. त्याचा शेजारी गॅरेजमध्ये बसून रायफलची काडतुसं पुन्हा भरतो, असं त्यानं सांगितलं होतं. तिकडे होतं, मग इकडे का नाही? दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलंच.

सर हसले नाहीत. नीट समजावून सांगितलं. काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, ठिणगी पाडणारी टोपी, बंदुकीची दारू आणि पुढे गोळी. गोळी सुटली की पुंगळी मागे राहते, आणि काडतुसात महाग तीच. मोठ्या रायफलींच्या पुंगळीला टोपी बुडाशी मध्यभागी बसवलेली असते. ती काढून नवी बसवता येते, म्हणून एकच पुंगळी पुन्हा पुन्हा चालते. तिकडे नेमबाज आणि हरणाच्या शिकारीला जाणारे लोक असं करून पैसे वाचवतात. पण दारू जरा जास्त पडली तर रायफल तोंडासमोर फुटू शकते.

स्वप्नीलच्या पन्नास मीटरच्या प्रकारात मात्र .22 चं छोटं काडतूस लागतं. त्यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. रायफलीची पिन ती कड चेपते, म्हणजे पुंगळी एकदाच कामाची. शिवाय आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. शिकारीला तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदीच आहे. तेव्हा भाच्याच्या शेजाऱ्याची विद्या आपल्या उपयोगाची नाही.

"आणि छर्रे?" मी विचारलं. छऱ्र्याला ना दारू ना पुंगळी, तो हवेच्या दाबानं सुटतो. पण निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा! छऱ्र्याच्या आकारात बारीकसा फरक पडला तरी नेम गेला. घरी ओतलेल्या छऱ्र्याचं तिथे काम नाही.

मग सर गंभीर झाले. "ताई, ते शिसं डब्यात नको हं." शिसं पोटात गेलं की मुलांच्या मेंदूवर, रक्तावर परिणाम होतो. गरोदर बाईला तर फारच वाईट. घरच्या गॅसवर वितळवणं म्हणजे घरभर विषारी धूर. रेंजवर खायचं नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही. सापळ्यातलं शिसं क्लबनंच गोळा करून विकायचं. मी घरी येऊन तो डबा टाकून दिला.

खरी बचत सरांनी शेवटी सांगितली. ड्राय फायर! छर्रा न घालता नेम धरायचा, श्वास आवरायचा, ट्रिगर दाबायचा. मोठमोठे नेमबाजही हा सराव करतात. स्पर्धेच्या रायफलीत तशी सोयच असते. (साधी स्प्रिंगची एअरगन मात्र रिकामी उडवू नये, बिघडते.) आता धाकटी आधी साठ वेळा रिकामा सराव करते, मग चाळीस छर्रे मोजून मारते. हे चाळीस आता चोरून नाहीत.

क्लबच्या आठ पालकांनी मिळून डब्या एकदम घ्यायचं ठरवलंय. आमच्या महिला मंडळानंही हळदीकुंकवाच्या वाणाचे पैसे यंदा दोन गरजू मुलींच्या छऱ्र्यांना दिले. पहिली डबी मी माझ्या शिवणाच्या पैशातून घेतली. लेकीला एवढंच सांगितलं, "काटकसर आम्ही बघू. तू फक्त लपवू नकोस."

रोज संध्याकाळी ती तोल साधण्यासाठी डोळे मिटून एका पायावर उभी राहते. समोर सासूबाई बसून आकडे मोजतात. जरा डुलली की म्हणतात, "हललीस! पुन्हा पहिल्यापासून."

मैत्रिणींनो, आपल्या मुली बऱ्याचदा न मागताच मन मारतात. त्यांचा डबा अधूनमधून उघडून बघा.