हाताने कोरायला किती वेळ लागतो?

घरातला एखादा जुना स्टीलचा डबा किंवा पितळी तांब्या हातात घेऊन बघा. काठाजवळ कुणाचं तरी नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली सापडेल. ती अक्षरं नीट न्याहाळली तर लक्षात येतं की ती सलग रेष नाही. बारीक बारीक ठोक्यांची ती रांग आहे. भांड्यांच्या दुकानातला माणूस छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन, आधी काहीही न आखता, गिऱ्हाईक उभं असतानाच हे नाव टाकून द्यायचा. आता बहुतेक ठिकाणी विजेवर थरथरणारी लेखणी आली आहे.

असं भांडं वर्गात दाखवलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, याला किती वेळ लागला असेल?" 'कामावर अवलंबून' हे उत्तर खरं आहे, पण त्यातून मुलांच्या हाती काही लागत नाही. म्हणून हा वेळ नेमका कुठे जातो ते आज जरा सविस्तर पाहूया.

कोरणं कमी, तयारी जास्त

भांड्यावरचं नाव हा कोरीवकामाचा सगळ्यात झटपट प्रकार. धातूच्या सपाट पत्र्यावर नक्षी, चित्र किंवा ओळीमागून ओळी मजकूर कोरायचा असेल तर गोष्ट वेगळी. आधी पत्रा घासून गुळगुळीत करायचा. मग कागदावर रेखाटन, ते पत्र्यावर उतरवणं आणि ओळींची जागा मोजणं. त्यानंतर हत्याराला धार. कोरणी म्हणजे कडक पोलादाची चौकोनी सळई, टोकाला तिरकी घासलेली, मागे तळहातात बसेल अशी गोल लाकडी मूठ. धार जरा बोथट झाली की ती घसरते आणि नको तिथे ओरखडा उठतो. त्यामुळे कारागीर दिवसातून अनेकदा काम थांबवून धार लावतो. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसताच बसलाय!

प्रत्यक्ष रेष कापायला मात्र काही सेकंद पुरतात. वळण घेताना मनगट फिरवत नाहीत. पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला असतो, हात स्थिर राहतो आणि पत्राच फिरतो. रेषेच्या कडेला धातूची बारीक कड उभी राहते, ती नंतर खरवडून काढायची.

म्हणजे मुलांना सांगताना 'हळूहळू कोरतात' असं सांगणं अर्धवटच. कारागीर वेगाने कोरू शकतो, कारण विचार आणि मोजमाप त्याने आधीच उरकलेलं असतं. हवेच्या दाबावर चालणारी कोरणीही आता मिळते. तिने हाताचे श्रम वाचतात, कापणं झपाट्याने होतं. रेखाटनाचा वेळ मात्र आहे तेवढाच राहतो.

गीतेचा हिशोब

आपल्याकडचं एक उदाहरण इतिहासाच्या आणि गणिताच्या, दोन्ही तासांना चालण्यासारखं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्यात नाना फडणवीसांच्या मनात आलं, की गीतेच्या प्रती हाताने लिहून घेण्याऐवजी छापून घ्याव्यात. देवनागरी खिळे ओतण्याची सोय तेव्हा पुण्यात नव्हती. तेव्हा इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रेरणेने एका तांबट कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायला शिकवलं गेलं. १८०० साली नाना वारले. कारागीर मिरजेला गेला, तिथे गंगाधरराव पटवर्धनांनी काम पुढे चालवलं आणि १८०५ मध्ये गीता छापली गेली.

आता फळ्यावर आकडे मांडा. गीतेचे ७०० श्लोक. बहुतेक श्लोक ३२ अक्षरांचे, काही ४४ अक्षरांचे. सगळे ३२ चेच धरले तरी २२,४०० अक्षरं होतात. अक्षराच्या फक्त रेषा कोरायच्या आणि एका अक्षराला एक मिनिट लागतं असं समजू. २२,४०० मिनिटं म्हणजे साधारण ३७३ तास. रोज सहा तास काम केलं तर ६२ दिवस. हे फक्त कापण्याचे दिवस झाले. धार, मोजणी, घासणी, चुकांची दुरुस्ती यातलं काहीच यात धरलेलं नाही. शिवाय छापायचं असल्यामुळे प्रत्येक अक्षर आरशात दिसतं तसं उलटं कोरायचं. जोडाक्षरं उलटी कशी दिसतात हे एकदा 'धर्मक्षेत्रे' हा शब्द कागदाच्या मागच्या बाजूने वाचून बघा म्हणजे कळेल.

हा एक मिनिटाचा आकडा आपण गणितासाठी घेतलेला आहे, हे मुलांना जरूर सांगावं. माझ्या वर्गात मुलांनी साबणावर एक उलटं अक्षर कोरून स्वतःचा वेळ मोजला. एका मुलीला तीन मिनिटं लागली. तिचं उत्तर आलं १,१२० तास, म्हणजे १८७ दिवस. ती लगेच म्हणाली, "मग इतके दिवस त्याला पैसे कोण देत होतं?" आश्रयदाता गेला की काम पुण्याहून मिरजेला का जातं, हे यापेक्षा सोपं करून मला सांगता आलं नसतं.

चुकलं तर?

कागदावरचं खोडता येतं. धातूवरची रेष काढायची तर तिच्या भोवतीचा भाग खरवडावा लागतो, तिथे खड्डा पडतो, मग पत्रा मागून ठोकून तो वर आणायचा आणि पुन्हा घासायचा. एका रेषेच्या दुरुस्तीला दहा रेषांचा वेळ सहज जातो. जुन्या दानपत्रांच्या ताम्रपटांवरही हे दिसतं. राहिलेलं अक्षर ओळीच्या वर बारीक घातलेलं असतं. कुठे चुकलेलं अक्षर ठोकून सपाट करून त्यावर दुसरं कोरलेलं असतं. घाईची किंमत इथे कळते. अतिसावध राहण्याचीही किंमत असतेच, कारण थबकत, घाबरत ढकललेली कोरणी थरथरती रेष देते. वळण एका दमात घेतलं तरच ते गोल येतं.

वेग आणि कल्पकता

पोटासाठी कोरणाऱ्याला हा समतोल दररोज साधावा लागतो. नाव टाकण्याची मजुरी अनेक दुकानांत अक्षरावर असायची. तिथे प्रत्येक 'श्री'ला वेगळं वळण देत बसलं तर संध्याकाळी घरी काय नेणार? म्हणून ठरलेली वळणं ठरलेल्या ठोक्यांत बसवायची. मोठ्या कामात सारख्या रेषा एकत्र उरकता येतात, आधी सगळ्या शिरोरेषा, मग सगळे काने. असा वाचवलेला वेळ जिथे बघणाऱ्याची नजर थांबते तिथे खर्च करायचा, म्हणजे चेहरा, मधली वेल किंवा सुरुवातीचं अक्षर.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर सोनाराचा मुलगा. ताम्रपत्रावरच्या कोरीवकामात त्याचा हात धरणारे थोडेच. १५०९ मध्ये याकोब हेलर या व्यापाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो चक्क कुरकुरतो, की इतकं बारकाईचं रंगकाम परवडत नाही, कोरीवकामच करत राहिलो असतो तर आज हजार नाणी जास्त असती. कारण उघड आहे. चित्र एकदाच विकलं जातं. पत्रा एकदा कोरला की त्याचे ठसे कितीतरी निघतात. पुढे १५१३ आणि १५१४ या दोन वर्षांत त्याने आपले तीन सर्वात नावाजलेले पत्रे कोरले. म्हणजे इतका बारीक कोरणारा माणूसही वेळ कशावर घालवायचा याचा हिशोब करत होता. कलाकार हिशोब करत नाही असं आपण मुलांना उगाच सांगतो.

वर्गात करून बघायचं असेल तर

प्रत्येकाला साबणाची एक वडी आणि आईस्क्रीमची काडी. टोकदार हत्यार देऊ नये. कागदावर मऊ पेन्सिलीने नाव ठसठशीत लिहून तो कागद वडीवर पालथा दाबायचा. नाव उलटं, पुसट उमटतं. ३५ मिनिटांच्या तासिकेतली निदान १५ मिनिटं या आखणीलाच द्या. पहिल्या पाच मिनिटांत कोरायला लागलेली मुलं शेवटचं अक्षर कडेला कोंबतात, हे जवळपास ठरलेलंच. त्यांना तिथल्या तिथे टोकू नका. दुसरी बाजू कोरी असते, तीवर पुन्हा करू द्या आणि दोन्ही बाजूंचा वेळ वहीत लिहायला सांगा.

जो मुलगा तासिका संपेपर्यंत फक्त दोनच अक्षरं पूर्ण करतो, त्याची वही तपासताना आखणी नक्की बघा. अशी मुलं आपल्याकडे 'मंद' ठरतात, आणि पालकही सभेत तोच शब्द वापरतात. आखणी बरोबर असेल तर त्याला फक्त हाताचा सराव हवा आहे, तो आठवडाभरात येतो. ज्याचं सगळं झालंय पण आखणीच नाही, त्याच्याकडे मात्र जास्त वेळ बसावं लागतं.

साबणाचा चुरा वर्तमानपत्रावर गोळा करून ठेवा, हात धुवायला उपयोगी पडतो.